पुच्छचक्राची निगा : जुन्या हलक्या विमानांच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

विमानविद्येचा इतिहास बहुधा पहिल्या उड्डाणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते विमान कोणत्या दिवशी प्रथम आकाशात गेले, त्याची रचना कोणी केली, त्याच्या एंजिनाची शक्ती किती होती, या गोष्टी ग्रंथांतून काटेकोरपणे नोंदलेल्या आढळतात. परंतु तेच विमान पुढे पन्नास-साठ वर्षे उड्डाणास योग्य असे कोणी व कसे राखले, याविषयी हे ग्रंथ बहुशः मौन पाळतात. प्रस्तुत लेखात जुन्या हलक्या विमानाच्या एका लहानशा अवयवाचा, म्हणजे शेपटीखालील चाकाचा, या दृष्टीने विचार करावयाचा आहे. टेलव्हील या नावाने परिचित असलेल्या या चाकास येथे पुच्छचक्र म्हटले आहे. त्याची तपासणी ही वरवर पाहता केवळ कारागिराची बाब वाटते. वस्तुतः विमान, भूमी आणि मानवी कौशल्य यांच्या बदलत गेलेल्या संबंधांची ती एक साक्ष आहे.

आरंभीच्या विमानांना पुच्छचक्र नव्हते. शेपटीखाली लाकडाची अगर पोलादाची एक घसरपट्टी असे. तिला टेलस्किड म्हणत. त्या काळी विमानतळ म्हणजे बहुतेक ठिकाणी एक विस्तीर्ण गवती मैदान असे, आणि वाऱ्याची दिशा पाहून वैमानिक त्यावर कोणत्याही बाजूने उतरू शके. मुख्य चाकांना ब्रेक नसत. उतरल्यानंतर ही पट्टी मातीत रुतत जाई आणि तेच तिचे कार्य होते. ती विमानाचा वेग कमी करी व शेपटीला मागे ओढून धरून विमानाची दिशाही राखी. म्हणजे गवत आणि माती ही त्या यंत्ररचनेची जणू अविभाज्य अंगेच होती.

भूमी पालटली तेव्हा काय घडले, याचा एक बोलका पुरावा टायगर मॉथ या शिक्षणविमानाच्या इतिहासात मिळतो. ब्रिटनमधील डी हॅविलंड कंपनीचे हे विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रथम उडाले, आणि पुढे निरनिराळ्या देशांत मिळून त्याच्या आठ हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या. मूळ ब्रिटिश रचनेत ब्रेक नव्हते व शेपटीखाली घसरपट्टी होती. कॅनडात तयार झालेल्या डीएच ८२ सी या आवृत्तीत मात्र मुख्य चाकांना ब्रेक बसविले गेले, ब्रेक लावताच विमान नाकावर कलंडू नये म्हणून ती चाके किंचित पुढे सरकविली गेली, आणि घसरपट्टीच्या जागी पुच्छचक्र आले. फरसबंद धावपट्टीवर घसरपट्टी रुतत नाही. ती केवळ झिजते. तेव्हा पुच्छचक्र हा एखाद्या प्रतिभावंताचा स्वतंत्र शोध नव्हे. ब्रेक, चाकांचे स्थान आणि धावपट्टीचा पृष्ठभाग यांनी मिळून निर्माण केलेली ती एक गरज होय.

या बदलाबरोबर एक नवी जबाबदारीही आली. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे जमिनीवर धावताना शेपटी जराशी एका बाजूस गेली, तर ती आपोआप परत न येता अधिकच बाहेर जाऊ पाहते. वेळीच आवरले नाही तर विमान स्वतःभोवती गरकन फिरते, आणि पंखाचे टोक अगर चाकांचे पाय मोडतात. या अपघातास ग्राउंड लूप म्हणतात. विमानाचा वेग पुरेसा असेपर्यंत सुकाणूवरून वाहणारी हवा शेपटीला आवरते. परंतु वेग मंदावला की सुकाणू निष्प्रभ होत जाते आणि भार पुच्छचक्रावर येतो. संपूर्ण उड्डाणात निरुपयोगी भासणारा हा अवयव नेमक्या त्या काही क्षणांत निर्णायक ठरतो. त्याच्या निगेचे महत्त्व येथे आहे.

ही निगा प्रत्यक्षात कशी असते हे पाहण्यासाठी पायपर जे-३ कब या अमेरिकन विमानाचे उदाहरण घेऊ. पेनसिल्व्हेनियातील लॉक हेवन येथे मुख्यतः तयार झालेल्या या विमानाच्या सुमारे वीस हजार प्रती १९४७ पर्यंत निघाल्या. म्हणजे त्यांतील सर्वांत तरुण विमानालाही आज पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्याचे पुच्छचक्र पोलादी पाट्यांच्या कमानीवर बसविलेले असते. सुकाणूच्या दोन्ही बाजूंकडून आलेल्या लहान स्प्रिंगा त्यास वळवितात. अनेक जुन्या विमानांवरील पुच्छचक्रांत आणखी एक योजना असते : ठराविक कोनापर्यंत चाक सुकाणूबरोबर वळते, आणि त्यापलीकडे आतील खटका सुटून ते मोकळे फिरते. अरुंद जागेत विमान वळविता यावे हा तिचा हेतू.

तपासणी करणारा मेकॅनिक प्रथम शेपटी उचलून भक्कम घोडीवर ठेवतो आणि चाक हातात धरून वरखाली व आडवे हलवून पाहतो. या एका कृतीने बेअरिंगमधील व उभ्या खुंटातील ढिलेपणा हाताला कळतो. त्यानंतर तो चाक काढून जुने ग्रीस धुतो आणि बेअरिंगच्या रुळांवर खड्डे अगर गंजाचे डाग आहेत काय ते न्याहाळतो. आसाभोवती गुंडाळलेले गवत व दोरे काढून टाकावे लागतात, कारण ते ग्रीस बाहेर ओढतात व धूळ आत नेतात. खटक्याच्या कडा झिजून गोलावल्या असतील, तर तो अकाली सुटतो, आणि चाकाचे वळण ऐन उतरण्याच्या वेळी वैमानिकाच्या ताब्यातून जाते. स्प्रिंगा फार सैल असल्यास चाक उशिरा ऐकते. फार ताणलेल्या असल्यास सांधे झिजतात. पाट्यांना तडा जातो तो बहुधा पकडीच्या कडेशी अगर बोल्टाच्या छिद्रापाशी. म्हणून तेथला चिखल व तेल पुसल्याखेरीज केलेली पाहणी ही पाहणीच नव्हे.

यांपैकी सर्वांत उद्बोधक दोष म्हणजे शिमी, अर्थात धावताना चाकाला सुटणारी तीव्र थरथर. अनभिज्ञ मनुष्य चाकालाच दोष देतो आणि चाक बदलतो. ढिले सांधे अगर टायर हे तिचे कारण असू शकते, हे खरे. परंतु पुष्कळदा मूळ अन्यत्र असते. वर्षानुवर्षांच्या भाराने कमान सपाट होते. मोटारीच्या कारखान्यात ज्याला पाटे बसले असे म्हणतात तीच ही स्थिती. कमान सपाट झाली की चाक ज्या खुंटाभोवती वळते त्याचा माथा पुढे झुकतो, आणि थरथरीस अनुकूल कोन निर्माण होतो. विमान स्वतःच्या भाराने जमिनीवर उभे असताना हा खुंट उभा, अथवा माथ्याशी किंचित मागे कललेला असावा. घोडीवर उचललेल्या शेपटीत हा दोष दिसत नाही. भाराखालीच तो प्रकट होतो. उपाय म्हणजे योग्य पाटे बसविणे. साध्या भट्टीवर तापवून जुने पाटे वाकविल्यास पोलादाचे पाणी उतरते आणि एका दोषाच्या जागी दुसरा, अधिक घातक दोष उत्पन्न होतो.

हे ज्ञान एके काळी सार्वत्रिक होते, कारण बहुतेक हलकी विमाने याच जातीची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. पायपरच्या पेसर विमानावरून १९५१ मध्ये नाकाखाली चाक असलेले ट्राय-पेसर निघाले. सेसना १७० च्या पाठोपाठ १९५६ च्या सुमारास त्याच धर्तीचे सेसना १७२ बाजारात आले. नाकाखालील चाकामुळे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो व विमान स्वभावतःच सरळ धावते. नवशिक्यांची सोय झाली. पण जुने कौशल्य हळूहळू दुर्मिळ झाले. अमेरिकेतील नियमांनी १९९१ पासून पुच्छचक्रयुक्त विमान चालविण्यासाठी शिक्षकाची स्वतंत्र लेखी नोंद आवश्यक ठरविली. जे पूर्वी सर्वसामान्य शिक्षण होते ते आता विशेष शिक्षण बनले, याची ही अधिकृत कबुलीच म्हणावी लागेल.

तथापि हा क्रम सर्वत्र एकाच वेळी घडला असे मानणे चुकीचे होईल. भारतात हिंदुस्थान एअरक्राफ्टचे एचटी-२ हे शिक्षणविमान १९५१ मध्ये उडाले. कोल्हापूर परिसरात जन्मलेले आणि गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्यापाशी संशोधन केलेले डॉ. वि. मा. घाटगे हे त्याचे रचनाकार होत. त्याला पुच्छचक्रच होते. पुढे १९५८ मध्ये, म्हणजे सेसना १७२ नंतर, उडालेले व आपल्या फ्लाइंग क्लबांना परिचित झालेले पुष्पक हेही त्याच जातीचे. तेव्हा नव्याने जुन्याची जागा घेतली, एवढ्या एका वाक्यात तंत्राचा इतिहास बसविता येत नाही. एकाच दशकात दोन्ही रचना आपापल्या परिस्थितीत जगत होत्या.

आता इतिहासाच्या अभ्यासकापुढील खरी अडचण सांगावयाची. विमानाच्या नोंदवहीत 'वार्षिक तपासणी पूर्ण, विमान उड्डाणयोग्य' अशा अर्थाचे एखादे वाक्य असते. हाताला जाणवलेला ढिलेपणा, पुसून पाहिलेली पकड, बदलावा की न बदलावा याचा केलेला विचार, यांतील काहीही त्या वाक्यात उतरत नाही. नोंदवही निर्णय सांगते, निर्णयामागील ज्ञान सांगत नाही. उलट गोलावलेला खटका, बसलेला पाटा, खड्डे पडलेले बेअरिंग हे अवयव ती हकिकत स्वतःच्या अंगावर वागवीत असतात; आणि तेच दुरुस्तीनंतर भंगारात जातात. कागद जपावेत आणि झिजलेले भाग फेकून द्यावेत, ही आपली रीत या क्षेत्रात एक मोठे दप्तर नष्ट करीत आली आहे.

म्हणून पदव्युत्तर अभ्यासकांस सुचवावेसे वाटते की, जुन्या यंत्रांचा इतिहास लिहिताना निर्मात्याच्या नकाशांइतकेच लक्ष झिजेकडे द्यावे, आणि ते यंत्र अद्याप हाताळणाऱ्या मेकॅनिकांची साक्ष वेळीच टिपून ठेवावी. पुच्छचक्र हलवून पाहणारा हात थांबला, तर विमान संग्रहालयात उभे राहील, त्याची छायाचित्रे राहतील, पहिल्या उड्डाणाची तारीखही राहील. परंतु ते सुखरूप जमिनीवर कसे आणावयाचे व त्यासाठी आदल्या दिवशी काय पाहावयाचे, हे सांगणारा कोणी उरणार नाही.