स्वयंप्रकाशन : पहिल्या पुस्तकापूर्वी

पुण्या-मुंबईच्या प्रकाशनगृहांपासून दूर असलेल्या इंदुरात मराठी साहित्याची परंपरा जुनी आहे. १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने या शहरात भरली. अशा ठिकाणच्या नवोदित लेखकासाठी स्वयंप्रकाशन हा खुला मार्ग आहे. मात्र त्यात लेखकच प्रकाशक ठरतो आणि प्रकाशकाची कर्तव्येही त्यालाच पार पाडावी लागतात. त्यासंबंधीचे केंद्रीय नियम इंदूर असो वा गोवा, सारखेच लागू होतात.

आयएसबीएन : हा १३ अंकी क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. लेखकाला स्वतःच्या नावे अर्ज करता येतो. छापील व ई-पुस्तकासाठी स्वतंत्र क्रमांक लागतात. दुसऱ्याच्या क्रमांकावर पुस्तक निघाल्यास नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचेच नाव राहते.

स्वामित्वहक्क : तो लेखनाबरोबरच निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या निधनानंतरही तो ६० वर्षे टिकतो. म्हणून ‘पॅकेज’ देणाऱ्या संस्थेच्या करारातील हक्कांचे कलम स्वाक्षरीपूर्वी नीट वाचावे.

छपाई : युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलताना जोडाक्षरे मोडू शकतात, अंतिम मुद्रिते कागदावरच तपासावीत. थोड्या प्रतींसाठी डिजिटल, अधिक प्रतींसाठी ऑफसेट छपाई परवडते.

ग्रंथप्रदान : १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. हे टपाल टाळू नये. आवृत्ती संपल्यावरही पुस्तकाचा माग तेथे लागतो.