बास गिटारच्या फ्रेटबोर्डची वक्रता : एका मापाचा इतिहास

प्रस्तावना :
वाद्यांचा इतिहास प्रायः वादक व रचना यांच्या अंगाने लिहिला जातो. वाद्याच्या मापांकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. बास गिटारच्या मानेवरील ज्या पट्टीवर पडदे बसविलेले असतात, त्या फ्रेटबोर्डचा पृष्ठभाग बहुधा किंचित बहिर्वक्र असतो. ज्या वर्तुळाचा तो कंस असतो, त्याची त्रिज्या म्हणजे फ्रेटबोर्डची वक्रता-त्रिज्या होय. त्रिज्या जितकी मोठी, तितका पृष्ठभाग सपाट. या मापाची निवड कोणत्या कारणांनी बदलत गेली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
डबल बासची बोटपट्टी चांगलीच वक्र असते. गजाने एकेक तार स्वतंत्रपणे वाजविता यावी, हे त्यामागील कारण आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बास बाजारात आणला, तेव्हा गजाचे हे प्रयोजन उरले नव्हते. तरीही वक्रता राहिली. कारण आता ती डाव्या हाताच्या सोयीसाठी होती. फेंडरच्या गिटारींप्रमाणेच या बासलाही ७.२५ इंच त्रिज्या लाभली. १९५३ मध्ये बास गिटार आणणाऱ्या गिब्सन कंपनीने मात्र १२ इंचांची परंपरा जोपासली. म्हणजे प्रारंभापासूनच या मापाबाबत एकमत नव्हते.

मापांचा अर्थ :
पडद्यांच्या शेवटाकडे फ्रेटबोर्डची रुंदी अडीच इंच मानल्यास, ७.२५ इंच त्रिज्येमध्ये मध्यभाग कडांपेक्षा सुमारे २.८ मिलिमीटर उंच राहतो, ९.५ इंचांमध्ये २.१ आणि १२ इंचांमध्ये सुमारे १.७ मिलिमीटर. हा फरक डोळ्यांस क्षुल्लक वाटला, तरी बोटांस जाणवतो.

परिवर्तनाची कारणे :
लहान त्रिज्येच्या फ्रेटबोर्डवर तार आडवी ओढली असता ती उंच मध्यभागाकडे सरकते, पुढील पडद्यांना टेकते आणि स्वर दबतो. गिटारवादकांची ही जुनी अडचण होती. बासच्या जाड तारा तितक्या ओढल्या जात नाहीत. म्हणून बासवरील बदलाचे स्पष्टीकरण केवळ या कारणाने होत नाही. तारांची संख्या हे येथे अधिक महत्त्वाचे कारण ठरते. अँथनी जॅक्सन यांच्यासाठी १९७५ मध्ये सहा तारांचा बास तयार झाला. अशा वाद्याचा फ्रेटबोर्ड तीन इंच रुंद धरल्यास ७.२५ इंच त्रिज्येमध्ये मध्यभाग कडांहून सुमारे ४ मिलिमीटर वर येतो, तर १६ इंचांमध्ये केवळ १.८. रुंद मानेसाठी सपाट पृष्ठभाग सोयीचा ठरला, तो यामुळे. पुढे शंक्वाकार फ्रेटबोर्डही आले. तारा नटकडून ब्रिजकडे पसरत जातात. त्या पसरण्याशी शंकूचा पृष्ठभाग भौमितिकदृष्ट्या अधिक जुळतो. फेंडरच्या २०१९ मधील अमेरिकन अल्ट्रा मालिकेतील बासला १० ते १४ इंच अशी बदलती त्रिज्या आहे.

जतनाचा प्रश्न :
नव्या बासची त्रिज्या निवडणे ही आवडीची बाब असली, तरी जुन्या बासची त्रिज्या बदलणे हा जतनाचा प्रश्न आहे. १९६२ च्या मध्यानंतर फेंडरने रोझवूडच्या जाड पट्टीऐवजी पातळ, वक्र थर वापरण्यास प्रारंभ केला. असा फ्रेटबोर्ड १२ इंचांपर्यंत सपाट करावयाचा झाल्यास शेवटाकडे मध्यभागाचे सुमारे १.१ मिलिमीटर लाकूड घासावे लागते. मुळातच पातळ असलेल्या थराची ही हानी भरून येत नाही. पडदे पुन्हा बसविता येतात. घासलेले लाकूड परत येत नाही.

निष्कर्ष :
१. वक्रतेचे मूळ प्रयोजन गजाशी निगडित होते; बास गिटारमध्ये ते हाताच्या सोयीकडे वळले.
२. कोणतीही एक त्रिज्या सर्वार्थाने श्रेष्ठ नाही. तारांची संख्या, मानेची रुंदी व वादनपद्धती यांवर निवड अवलंबून असते.
३. जुन्या वाद्याची मूळ त्रिज्या हा त्या काळाच्या कारागिरीचा पुरावा आहे. वादकाला सपाट फ्रेटबोर्ड हवा असल्यास जुने वाद्य घासण्याऐवजी दुसरी मान बसवून मूळ मान जपणे, हा इतिहासदृष्ट्या अधिक जबाबदार मार्ग ठरतो.