नाक आणि आरसा

इंग्रज फौजेतील कावसजी नामक गाडीवानाचे नाक १७९२ च्या युद्धात टिपूने कापविले. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर पुण्यानजीकच्या वीटकरी ज्ञातीतील एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून ते पुनश्च घडविले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने हे वृत्त छापले. १८१४ मध्ये शल्यवैद्य कार्प्यू यांनी तीच क्रिया तेथे केली. कावसजीचे नाव राहिले. आम्हां माती घडविणारांपैकी त्या कारागिराचे मात्र त्या वृत्तात नाही!

बौद्ध विनयात भिक्खूस आरशात मुख पाहणे निषिद्ध आहे. परंतु मुखावर व्रण असल्यास अनुज्ञा आहे. रूपाचा मद त्याज्य, व्याधीचा उपचार ग्राह्य, हाच तो विवेक. नाक म्हणजे अब्रू. त्या अनामिकाने सौंदर्य विकले नाही. गेलेली अब्रू परत दिली. ज्ञातीतील तरुणांनी हा भेद ध्यानी धरावा, एवढीच आमची विनंती.