शकुंतलेचीं चाकें

वऱ्हाडांतील जुन्या माणसांस 'शकुंतला' म्हटलें कीं कालिदासाच्या नायिकेआधीं मूर्तिजापुराहून निघणारी अरुंद मापाची आगगाडी आठवते. अकोला जिल्ह्यांतील या जंक्शनापासून तिचा एक फांटा अमरावती जिल्ह्यांतील अचलपुरास, तर दुसरा यवतमाळास जाई. आंतल्या मुलखांतील कापूस मुंबईच्या मुख्य मार्गावर आणून पोंचविणें, हा तिचा मूळ हेतु. १९२१ सालीं मँचेस्टरास बांधलेलें वाफेचें इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजीं निवृत्त होईपर्यंत तिला ओढीत होतें.

आतां ही गाडी बंद आहे. आणि तिच्या अवशेषांत अस्सल कोणतें, हा प्रश्न उभा राहतो. चाकाचेंच पाहा. अशा इंजिनाचें चाक एकसंध नसतें. मधल्या भागावर पोलादी धांव तापवून चढवितात. ती थंड होतांच आवळून बसते. आपला लोहार बैलगाडीच्या चाकावर धांव चढवितो, तीच ही रीत. झिजलेली धांव बदलतात, मधला भाग राहतो. म्हणजे एकाच चाकांत दोन काळ नांदूं शकतात, आणि ठसा कोणत्या भागावरचा वाचला यावर निर्णय अवलंबून राहतो.

शिवाय ठसा घडणीचें साल सांगतो, वापराचें नव्हे. या मार्गावरील सिग्नलांवर 'लिव्हरपूल, १८९५' असें असल्याचें सांगतात. मार्ग तर विसाव्या शतकांतला! तेव्हां ठशाला दप्तराची जोड हवी. भंगारांत जाण्यापूर्वीं प्रत्येक भागाचा ठसा, माप व जागा टिपून ठेवावी, असें आम्हांस वाटतें. लोखंड वितळलें कीं साक्ष संपली.