नॉनस्टॉपचं मूळ हरिपाठात

एकाच गायकाची गाणी एकात एक गुंफून, मध्ये खंड न पडू देता वाजवली की आमच्या धाड गावात त्याला 'नॉनस्टॉप' म्हणतात. हळदीला डीजेवाल्याकडे फर्माईश होते तीही तशीच: 'आनंद शिंदेंचा नॉनस्टॉप लाव.' ही कला आली कुठून, असं विचारलं की जाणकार हॉलंडकडे बोट दाखवतात. मी गावातल्या देवळाकडे दाखवतो, संध्याकाळच्या हरिपाठाकडे.

हॉलंडची गोष्ट थोडक्यात. १९७९ मध्ये विलेम व्हान कोटेन या संगीत-प्रकाशकाच्या कानावर एक चोरटी तबकडी पडली. तिच्यातल्या गाण्यांच्या माळेत त्याच्या मालकीचं एक गाणं न विचारता ओवलेलं होतं. मग त्यानं रीतसर माळच काढायची ठरवली आणि काम याप एखर्मोंट या निर्मात्याकडे दिलं. 'स्टार्स ऑन ४५' ही ती तबकडी. गाणी बहुतेक बीटल्सची, पण गाणारे त्यांच्यासारखा आवाज काढणारे. जून १९८१ मध्ये ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. हक्कांपायी आतल्या प्रत्येक गाण्याचं नाव शीर्षकात घालावं लागलं आणि शीर्षक ४१ शब्दांचं झालं.

या माळेचा दोरा दोन पदरी आहे: न बदलणारा टाळ्यांचा ठेका आणि मधूनमधून परत येणारं जोडपद. हे दोन्ही आपल्याकडे केव्हापासून आहे!

हरिपाठात ज्ञानदेवांचे सत्तावीस अभंग सलग म्हणतात. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, मध्ये पखवाज. एक रांग चरण म्हणते, दुसरी उचलते, पाय पावलीत पडत असतात. अभंग संपला की पहिल्या अभंगातलंच ध्रुपद सगळे मिळून घेतात आणि त्याच्याच पाठीवरून पुढचा अभंग सुरू होतो. टाळ थांबत नाही.

पण खरी करामत छंदात आहे. हरिपाठ मोठ्या अभंगात रचलेला आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड. त्या उरलेल्या जागेत म्हणणाऱ्याला श्वास मिळतो आणि समोरच्या रांगेला आत शिरायला फट मिळते. डीजे नेमकी अशीच फट शोधत असतो. गाण्याच्या शेवटी गायकाचा आवाज नसलेला, नुसता ठेक्याचा तुकडा आला की तो पुढचं गाणं आत सरकवतो. दोन गाण्यांची लय जुळावी म्हणून टेक्निक्सच्या १९७९ च्या 'एसएल-१२०० एमके२' तबकडीयंत्रावर वेग आठ टक्के कमी-जास्त करणारी सरकपट्टी दिली होती. हरिपाठाला पट्टी लागत नाही, सगळे अभंग एकाच मापाचे. कुठे एखादं अक्षर जास्त झालंच तर गाणारा ते दाबून बसवतो, कमी पडलं तर ओढतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही सत्तावीस गाणी नाहीतच, एकच दीर्घ रचना आहे, मग जोडायचं काय? मला हे पटत नाही. बहुतेक अभंगांच्या अखेरीस ज्ञानदेवांची नाममुद्रा येते. मुद्रा आली म्हणजे गाणं पुरं झालं. एकच रचना असती तर सही शेवटी एकदा झाली असती. शिवाय हॉलंडवाल्यांना ४१ शब्दांत जे सांगावं लागलं, ते मुद्रेनं गाण्याच्या पोटातच सांगून टाकलं.

दुसरा दावा कव्वालीचा, आणि तो आम्हाला जवळचा, कारण पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा आमच्याच तालुक्यात. कव्वाल गाता गाता 'गिरह' लावतो, म्हणजे दुसरा शेर मध्ये आणून बसवतो. सांध्याचं कसब त्यात निर्विवाद आहे. पण तो शेर बहुधा दुसऱ्याच शायराचा असतो, म्हणजे ती अनेकांची मिसळ झाली. रागमाळेचं उलट: राग बदलत जातात, गाणं एकच राहतं.

उरतो सगळ्यात अवघड आक्षेप: हरिपाठ 'एकाच कलावंताचा' कशावरून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावानं 'सुधारक'मध्ये लिहून खळबळ उडवली होती. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंगकर्ते ज्ञानदेव वेगळे, असा त्यांचा सिद्धांत. ग्रंथाची आणि अभंगांची भाषा जुळत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. उत्तरादाखल बरंच लिहिलं गेलं. माझं मत विचाराल तर शतकानुशतकं तोंडोतोंडी गायलेल्या अभंगाची भाषा पोथीसारखी जुनी राहणारच नाही, त्यामुळे भाषेवरून दोन माणसं पाडणं घाईचं आहे. पण भारदे खरे धरले तरी माझं काही बिघडत नाही. ज्ञानेश्वरी एकाची, अभंग दुसऱ्याचे. मग हरिपाठ त्या दुसऱ्याचा, पण एकाचाच.

वारीतल्या भजनाच्या मालिका लावून देण्याचं श्रेय परंपरा एकोणिसाव्या शतकातल्या हैबतबाबा आरफळकरांना देते. तिथून हळदीच्या मांडवापर्यंतचा रस्ता मी अंदाजानं जोडतो: सप्ताहात ज्या पोरांनी लहानपणी टाळ धरला, त्यांच्याच हाती पुढे मिक्सर आला. हॉलंडनं त्यांना यंत्र दाखवलं असेल, सांधा कुठे घ्यायचा हे त्यांना आधीच ठाऊक होतं.