ओवीबद्ध तारणमार्ग
मैंदर्गीच्या सीमाभागीं मराठी व कानडी दोन्ही भाषा नांदतात. तेव्हां सार्वकालिक जीवनाची वाट कोणत्या वाणींत दाखवावी, हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो. त्याचें एक उत्तर गोव्याच्या इतिहासांत आहे.

इंग्लंडचे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 सालीं तेथें आले. साष्टीच्या नवख्रिस्ती जनांचीं जुनीं पुराणें बंद झालीं होतीं. पण पुराणश्रवणाची गोडी कशी सुटावी? फादरांनीं ओवीच हातीं घेतली. 1616 सालीं राचोल येथें छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या सुमारें 11,000 मराठी ओव्यांत आदामाच्या पतनापासून प्रभूनें केलेल्या तारणापर्यंतची कथा आहे.

1684 सालीं पोर्तुगीज सरकारनें देशभाषा सोडण्याचें फर्मान काढलें. आमच्या मतें तें अविचाराचें होतें. ओव्या मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत टिकल्या व तेथेंच 1907 सालीं पुराण पुन्हा छापलें गेलें. मिस्सेस लोकभाषा लाभण्यास मात्र 1963 सालीं व्हॅटिकन परिषदेचा निर्णय व्हावा लागला.