नाते गावचा साहेब आणि देशातला पहिला कॉम्प्युटर

मागच्या शनिवारी महाडला घरी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर बाबांना मोबाईलवर एक लॅपटॉप दाखवला. किंमत दोन लाख चाळीस हजार. बाबांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला आणि विचारलं, "यात एक शून्य जास्त पडलंय का रे?"

नव्हतं पडलेलं. मग मी स्पेसिफिकेशन सांगायला लागलो. रॅम एवढी, ग्राफिक्स कार्ड असं, बॅटरी तशी... बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं कळत नाही अशातला भाग नाही. बाजारपेठेत त्यांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मी शाळेत जायला लागलो त्याच्या आधीपासून ते लग्नपत्रिका आणि अर्ज टाईप करतायत. त्यांचा प्रश्न साधा होता. "ऑफिसने दिलाय ना एक? मग ह्याच्यावर करणार काय?"

मी "शिकायचंय, स्वतःचं काहीतरी करायचंय" असं गुळमुळीत उत्तर दिलं. झोप मात्र लवकर लागली नाही. कारण प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राबरोबर बाईकवर रायगडाकडे निघालो. नातेखिंडीतून आत वळलं की पुढे नाते गाव लागतं. शंभर वेळा गेलो असेन या रस्त्याने. या वेळी मात्र तिथे चहाला थांबलो आणि एकदम आठवलं की महागडा कॉम्प्युटर घ्यावा की नाही, या प्रश्नाशी या गावचा फार जुना संबंध आहे. आमच्याच तालुक्यातली गोष्ट, पण शाळेत कुणी सांगितली नाही. म्हणून आज ती सांगतो.

१४ जानेवारी १८९६ ला नाते गावात चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. म्हणजे सी. डी. देशमुख. (आमच्या पिढीला सीडी म्हटलं की चकतीच आठवते, त्याला इलाज नाही.) १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिला नंबर, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे आय.सी.एस. परीक्षेतही पहिला नंबर. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते आपल्या कुलाबा मतदारसंघातूनच निवडून गेले. (रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं.) १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. एवढं बहुतेकांना माहीत असतं.

फारसं माहीत नसलेली गोष्ट अशी की १९४५ पासून जवळजवळ वीस वर्षं देशमुख कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. ही संस्था प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी उभी केली आणि रोजचा कारभार तेच बघत. भारतातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर १९५५ साली याच संस्थेत आला. त्या वेळी संस्थेचा अध्यक्ष आणि देशाचा अर्थमंत्री हा एकच माणूस होता, आणि तो नात्याचा होता!

आता त्या वेळचा हिशोब बघा. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झालेली. डॉलर होता ४ रुपये ७६ पैसे आणि पौंड १३ रुपये ३३ पैसे, पण परकीय चलन जपून वापरायचं होतं. मशिनरी, धान्य, औषधं सगळं बाहेरून आणायचं. अशा देशाने लाखांच्या घरातला कॉम्प्युटर घ्यावा का? आज माझ्या दोन लाख चाळीस हजारांवर बाबा चष्मा पुसतात. १९५५ मध्ये एक लाख म्हणजे काय चीज असेल याची कल्पनाच केलेली बरी.

पण महालनोबीसांकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे त्या रात्री नव्हती. तुंबलेलं काम.

१९५० साली नॅशनल सॅम्पल सर्व्हे सुरू झाला. कल्पना आपल्याला कोकणात समजावून सांगायची गरज नाही: शितावरून भाताची परीक्षा. सगळ्या देशाला विचारत बसायचं नाही. नीट पद्धतीने काही गावं निवडायची, त्यातली काही घरं निवडायची, आणि ते काय खातात, किती कमावतात, कशावर खर्च करतात ते विचारायचं. पहिल्याच फेरीत हजाराहून जास्त खेडी होती. माहिती गोळा करणाऱ्यांची काय दशा झाली असेल बघा. वेगवेगळ्या भाषा आणि त्याहून वेगवेगळी मापं. कुठे मण-शेर, कुठे पायली-खंडी. हे सगळं एका मापात आणायचं, कार्डांवर छिद्रं पाडून यंत्रांत घालायचं, बेरजा करायच्या. त्या काळी आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. टेबल, खुर्ची, हातयंत्र आणि माणूस, हा झाला एक कॉम्प्युटर.

थोडक्यात, यंत्र यायच्या कितीतरी आधीपासून यंत्राचं काम तिथे रांगेत उभं होतं.

महालनोबीस १९४६ पासून कॉम्प्युटरच्या मागे होते. अमेरिकेत जाऊन ते खुद्द जॉन फॉन नॉयमनना भेटून आले होते. नुसती वाट बघत बसले असंही नाही. १९५३ मध्ये त्यांच्या संस्थेतल्या समरेंद्र कुमार मित्रा आणि सौम्येंद्र मोहन बोस यांनी स्वतःच एक अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर बांधला. तो दहा अज्ञातांची एकसामयिक समीकरणं सोडवायचा. बारावीला दोन-तीन अज्ञातांची समीकरणं सोडवताना आपला घाम निघायचा, आठवतंय ना?

शेवटी विकत घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी काय घेतलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या वेळचं टॉप मॉडेल म्हणजे अमेरिकेचं युनिव्हॅक. किंमत दहा लाख डॉलरच्या वर, म्हणजे रुपयांत निदान पन्नास लाखांच्या आसपास. संस्थेने घेतलं ते ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचं एचईसी-२एम. आजच्या भाषेत, एन्ट्री लेव्हल! त्याचं मूळ डिझाईन लंडनच्या बर्कबेक कॉलेजातल्या अँड्र्यू बूथ यांचं. बूथ आणि त्यांची सहकारी, पुढे पत्नी, कॅथलीन या दोघांनी कमी पैशात कॉम्प्युटर कसा बांधता येईल याचाच ध्यास घेतला होता. मेमरीसाठी त्यांनी फिरतं चुंबकीय पिंप वापरलं. वेग कमी, पण खर्चही कमी. त्या डिझाईनवरून कंपनीच्या रेमंड बर्ड यांनी १९५१ मध्ये पहिलं मशीन उभं केलं.

एचईसी-२एम ची मेमरी होती १०२४ शब्दांची. म्हणजे जेमतेम काही केबी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. ऑपरेटिंग सिस्टीम नाही. प्रोग्रॅम थेट मशीनच्या भाषेत लिहायचा, कुठला आकडा पिंपावर कुठे ठेवायचा हेही आपणच ठरवायचं. प्रोग्रॅम आत जायचा तो कार्डांवरून, आणि उत्तरंही आधी कार्डांवरच यायची. प्रिंटर नंतर जोडला. मशीन जोडून चालवता यावं म्हणून संस्थेने आपली माणसं आधीच इंग्लंडला शिकायला पाठवली होती. हे मला फार आवडलं. आपण काय करतो? आधी मशीन घेतो आणि मग यूट्यूबवर शिकायला बसतो.

आता खरा प्रश्न. पैसे वसूल झाले का?

इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. कॉम्प्युटर हवा याचं मोठं कारण म्हणून नियोजन पुढे केलं जायचं. पण दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा महालनोबीसांनी मांडला तो मार्च १९५५ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधीच! ज्या कामाच्या नावाने यंत्र मागितलं ते मुख्य काम कागद, पेन्सिल आणि हातयंत्रांवर उरकलं होतं. सर्व्हेच्या आकड्यांचा मोठा भारही जुन्या कार्ड-यंत्रांनीच वाहिला. १९५९ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या मदतीतून 'उराल' हे रशियन मशीन आलं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही मशिनं निवृत्त झाली. नुसता वस्तूचा हिशोब केला तर सात-आठ वर्षांत लाखांचं भंगार.

मुंबईची गोष्टही बघा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उलटा रस्ता धरला: विकत घ्यायचं नाही, बांधायचं. आर. नरसिंहन यांच्या टीममध्ये आधी कॉम्प्युटर बांधलेला कुणीच नव्हता. १९५६ पर्यंत त्यांनी छोटं नमुना मशीन चालवून दाखवलं. मोठं मशीन १९६० मध्ये सुरू झालं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असं नाव दिलं. पण ते होतं व्हॅक्यूम ट्यूबवर, आणि जग तोवर ट्रान्झिस्टरवर गेलं होतं. १९६४ मध्ये त्याच संस्थेला अमेरिकेचा सीडीसी ३६०० घ्यावा लागला. म्हणजे विकत घेतलेलं गेलं, आणि बांधलेलंही गेलं.

मग राहिलं काय? माणसं राहिली. कलकत्त्याच्या त्या पिंपवाल्या मशीनवर देशभरातले शास्त्रज्ञ आपापली गणितं घेऊन येत. ते चालवणाऱ्या-शिकणाऱ्या लोकांच्या जोरावर संस्थेने जादवपूर विद्यापीठाबरोबर १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरचा कॉम्प्युटर देशातच बांधला. मुंबईत टिफ्रॅकच्या परंपरेतूनच पुढे सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय केंद्र तयार झालं, आणि ऐंशीच्या दशकात भारतात ई-मेल आणणाऱ्यांत जुहूचं ते केंद्र आघाडीवर होतं. मी आज हिंजवडीत बसून जी नोकरी करतोय तिची मुळं शोधत गेलो तर एक मूळ तिथे जाईल.

आणि किंमत? दुसऱ्या योजनेचा सरकारी खर्च होता ४८०० कोटी. मशीनला अगदी दहा लाख रुपये धरले तरी ते त्या खर्चाच्या अठ्ठेचाळीस हजाराव्या भागाएवढे झाले. एक लाख रुपये खर्चून काम करणाऱ्या माणसाने दोन रुपयांची पेन्सिल घेण्यासारखं. मशीन महाग होतं, पण ज्या कामासाठी होतं ते काम त्याहून कितीतरी मोठं होतं.

हे सगळं डोक्यात घेऊन नात्याहून परतलो तेव्हा बाबा दुकानात होते. दुकानात अजून भिंतीवर पाण्याची रेघ आहे. २२ जुलै २०२१ ची. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत घुसलं त्या रात्री आमचे दोन्ही कॉम्प्युटर, झेरॉक्स मशीन, कागद, सगळं चिखलात गेलं. मी पुण्यात होतो, फोन लागत नव्हता. पाणी उतरल्यावर पोलादपूरच्या मामाने त्याच्या घरचा जुना पीसी गाडीत घालून आणून दिला. इतका जुना की चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. त्याच्यावर बाबांनी पंधरा दिवसांत दुकान उघडलं. पहिलं काम काय होतं माहितीये? नुकसानभरपाईचे अर्ज. बाहेर रांग लागली होती. मशीन बुडालं होतं, बाबांचे हात बुडाले नव्हते.

खरं तर काम माझ्याकडेही आहे, त्या रात्रीपासून आहे. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, तिथून पोलादपूरवरून खाली महाडला येते. वर किती पाऊस पडला की खाली किती तासांत पाणी चढतं, हे जुन्या आकड्यांवरून बांधता येईल का, असा एक प्रोग्रॅम मी सुरू केला होता. दोन वर्षं अर्धवट पडलाय. का? लॅपटॉप स्लो आहे म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण हे की जमवलेली कात्रणं आणि पावसाचे आकडे अजून वहीतच आहेत. टाईप कोण करणार!

मी बाबांना हे सांगितलं. देशमुख, कलकत्ता, पिंप, सगळं. आणि म्हटलं, "लॅपटॉप सध्या नको. आधी आकडे भरतो. आहे त्याच्यावर जिथे अडेल तिथे बघू. तेव्हा दोन लाख चाळीस हजार मागितले तर कशासाठी ते सांगता येईल."

बाबा एका पोराचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाईप करत होते. मान वर न करता म्हणाले, "वही ठेवून जा इथे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी टाकतो आकडे."

मग थोडं थांबून, "पानाला वीस रुपये. घरचा आहेस म्हणून."

असो. वही ठेवून आलोय. पावसाळ्याच्या आत किती पानं होतात बघू.